आधी आवराआवर की आधी खरेदीला लगाम?

पसारा काढला की फरक लगेच दिसतो: कपाटाचं दार नीट लागतं, हवी ती वस्तू सापडते. पण नव्या वस्तूंचा ओघ तसाच राहिला तर मोकळा झालेला कप्पा पुन्हा भरतो. खरेदी कमी केल्याचा परिणाम सावकाश जाणवतो, तरी मला तोच मार्ग जास्त पटतो. न घेतलेली वस्तू पुसावी लागत नाही, दुरुस्त करावी लागत नाही, शेवटी टाकायची कुठे हा प्रश्नही उरत नाही. काही घ्यावंसं वाटलं तर यादीत लिहून महिनाभर थांबावं. बऱ्याचदा हौस ओसरते. (औषधं आणि वाढत्या मुलांचे बूट याला अपवाद.) आवराआवर एकेका खणापुरतीच करावी, आणि दुसऱ्याच्या वस्तूंना विचारल्याशिवाय हात लावू नये, मुलांच्यासुद्धा.