एस्टीम ट्रॅक कार: इंजिन परत बांधून एक सीझन पळवल्यावरचा अनुभव

आधी गाडी सांगतो. मारुतीची एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शनवाली) एस्टीम, १६ व्हॉल्व्हचं १२९८ सीसी जी१३बीबी इंजिन, आतलं सगळं काढून रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा पाइपांचा सांगाडा) टाकलेली. ऑटोक्रॉस (मैदानात छोट्या वळणांच्या आखलेल्या वाटेवर वेळ लावून गाडी पळवायची) खेळतो, अधूनमधून ट्रेलरवर टाकून कोइम्बतूरला करी स्पीडवे या रेस ट्रॅकवर नेतो. तिथंच बिग एंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉड क्रँकशाफ्टला जोडतो तिथलं) गेलं. आधी टॅपेटसारखी टकटक, मग पिटला येईपर्यंत सरळ हातोडीचे ठोके.

लोक लगेच इंजिनला नावं ठेवतात, पण इंजिनचा काही दोष नाही. चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) रस्त्यावरच्या गाडीचा, त्यात चिकट टायर टाकून लांबलचक वळणात गाडी दाबली की ऑइल एका कडेला पळतं, स्ट्रेनर (पंप जिथून ऑइल ओढतो ती जाळी) उघडा पडतो आणि पंप हवा ओढायला लागतो, आणि सहा हजार आरपीएमला असं परत परत झालं की बेअरिंग खाल्लंच म्हणून समजा. डॅशवरचा लाल दिवा अशा वेळी काही कामाचा नाही, प्रेशर पार तळाला गेल्याशिवाय तो लागतच नाही.

राहायला कोल्हापुरात, त्यामुळं बोअरिंग-ग्राइंडिंगला लांब जायला नको, शिवाजी उद्यमनगर आहेच. सिलिंडरचा बोअर ७४ मिमीचा ७४.५ केला, म्हणजे १३१६ सीसी. पिस्टन-रिंगांची शोधाशोध फार झाली नाही, जिप्सीला हेच इंजिन होतं त्यामुळं माल मिळतो. क्रँकशाफ्टनं मात्र रडवलं. पहिल्या ठिकाणाहून ०.२५ मिमी अंडरसाइज (घासून तेवढा बारीक) करून आला, दिसायला आरशासारखा, मायक्रोमीटर लावला तर एक जर्नल (बेअरिंग बसतं तो गोल भाग) निमुळता. नुसत्या डोळ्यांनी तसाच बसला असता. मग दुसरीकडे ०.५० ला न्यावा लागला, परत नवीन बेअरिंग, परत खर्च.

साफसफाईवर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो वसूल झाला असं आज म्हणेन. बेअरिंग गेलं की त्याचा चुरा ऑइलच्या सगळ्या वाटांत जाऊन बसतो. ब्लॉकच्या गॅलरीचे (आतल्या ऑइलच्या वाटांचे) प्लग काढले, बारीक ब्रश घातला, तरी डिझेलमधून चकचकीत कण येतच होते. पाण्याच्या प्रेशरनं धुऊन, हवा मारून, परत ब्रश. ऑइल पंप नवीनच टाकला. ऑइल कूलर भंगारात दिला, त्याच्या आतला चुरा निघत नाही, कुणी धुऊन देतो म्हटलं तरी ऐकू नका.

बांधताना बेअरिंगमधली फट मोजायला प्लास्टिगेज घेऊन बसलो. मेणाच्या दोऱ्यासारखी बारीक पट्टी जर्नलवर ठेवायची, कॅप टॉर्क पान्यानं आवळायची, परत खोलून ती किती चेपली ते पाकिटावरच्या पट्ट्यांशी जुळवायचं. बिग एंडला ०.०४ मिमीच्या आसपास आलं, तेवढं बरोबर. मिस्त्री हसत होते, म्हणाले अहो हातानं फिरतोय की मोकळा. असू दे म्हटलं.

चेंबरमध्ये बॅफल (ऑइल अडवणारे आडवे पत्रे) वेल्ड करून घेतले, झडपा एकाच बाजूला उघडतात, ऑइल स्ट्रेनरकडे येतं पण परत पळत नाही. आणि काट्याचा प्रेशर गेज. कॅमशाफ्टला ठेवलेले पैसे इकडंच गेले, मित्रमंडळींनी वेड्यात काढलं.

आता वापराचं. रनिंग-इनला (नव्या बांधलेल्या इंजिनचे सुरुवातीचे किलोमीटर) साधं मिनरल ऑइल टाकलं, आयडलवर घुरघुरत न ठेवता लोड देऊन चालवली, मधूनमधून अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, रिंगा बसल्या, धूर नाही. पहिला फिल्टर कापून कागद उन्हात उलगडला तर थोडी चकाकी होती, नंतरच्यात नाही. पॉवरमध्ये फरक? खरं सांगायचं तर जाणवला नाही, १८ सीसीनं काय होणार. पण गरम इंजिनला चार हजारावर काटा ४ बारला असतो आणि करीच्या वळणांतही तो पडत नाही, आधी काय होत असेल देव जाणे. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं सारखं येतंय.

तक्रारी आहेत. बॅफलमुळं ऑइल काढताना शेवटचं लवकर उतरत नाही, गाडी बराच वेळ उभी ठेवावी लागते. चेंबरच्या जोडाला किंचित पाझर आहे, वेल्डिंगनं फ्लँज वाकला असणार. खर्चही जुनं चालू इंजिन आणून टाकण्यापेक्षा जास्तच झाला, ज्याला नुसती ऑटोक्रॉस खेळायचीय त्यानं तेच करावं, छोट्या वळणांत एवढा त्रास होत नाही. आणि आता सेकंड गिअरचा सिंक्रो (गिअर अलगद पडावा म्हणून असलेली रिंग) कुरकुरतोय, गिअरबॉक्स पावसाळ्यात उतरवणार.