भडक डिकॅल मवाळ करण्याची पातळ थराची पद्धत : सात महिन्यांच्या वापरानंतर

फेब्रुवारीत मी 1/72 प्रमाणातील, भारतीय हवाई दलाच्या रंगसंगतीतील हंटर लढाऊ विमानाचे मॉडेल पूर्ण करत आणले, तेव्हा गडद हिरव्या-राखाडी पंखांवर डिकॅलने, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्राने, उमटवलेल्या हवाई दलाच्या तिरंगी चक्रांचा केशरी रंग झेंडूच्या फुलासारखा झळकू लागला. तीस सेंटिमीटरवरून हे मॉडेल पाहणे म्हणजे खरे विमान सुमारे बावीस मीटरवरून पाहणे. इतक्या अंतरावरून उन्हाने उतरलेला रंग फिका व किंचित राखाडी भासतो. डिकॅलवर मात्र शाईचा मूळ तजेला तसाच राहतो.

त्यानंतर चार मॉडेलांवर मी एकच उपाय वापरला: एक भाग तामिया कंपनीचा अॅक्रिलिक रंग, नऊ भाग त्याच कंपनीचे एक्स-20ए थिनर आणि 0.3 मिलिमीटर नोझलच्या एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या ब्रशने, कमी दाबावर फवारलेले तीन-चार जवळजवळ कोरडे थर. डिकॅल आधी लॅकर क्लिअरखाली, म्हणजे लॅकरच्या पारदर्शक थराखाली, बंद केले होते, त्यामुळे चुकलेला थर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओलसर केलेल्या कापसाने लगेच पुसता येत असे. ही सोय मला या पद्धतीतील सर्वांत मोलाची वाटते.

सुरुवातीला मी सर्वत्र सुचवला जाणारा बफ (फिकट पिवळट-तपकिरी) रंग, म्हणजे तामियाचा एक्सएफ-57, घेतला आणि तिथेच फसलो. बफ स्वतःच उबदार छटेचा असल्याने केशरी जवळजवळ तसाच राहिला, मधल्या हिरव्या वर्तुळावर मात्र खडूची भुकटी बसल्यासारखे दिसू लागले. पांढऱ्या पट्ट्याला केवळ मळकट साय आली. दुसऱ्या खेपेस एक्सएफ-19 हा राखाडी घेऊन त्यात निळ्याचा थेंब टाकला. निळा हा केशरीचा विरोधी रंग असल्याने भडकपणा खरोखर उतरला. तरीही किती थर द्यायचे, हे केशरीकडे पाहून नव्हे, तर हिरव्याकडे पाहून ठरवावे, कारण गडद रंगावर फिका थर सर्वांत आधी उघडा पडतो. उरलेला केशरी भडकपणा मी बारीक ब्रशने, अगदी पातळ तैलरंगाने, त्या एका कड्यापुरताच दाबतो.

आणखी एक गोष्ट हात बसायला तीन मॉडेले लागली. फ्लॅट क्लिअरचा, म्हणजे चमक घालवणारा पारदर्शक, शेवटचा थर स्वतःच रंग फिकट करतो, म्हणून "अजून थोडे हवे" असे वाटत असतानाच थांबावे लागते. उरलेले डिकॅल प्लास्टिकच्या चमच्यावर लावून ही सगळी साखळी आधी तपासावी. एका चमच्याने माझी एक संध्याकाळ वाचवली आहे.

मऊ सॅंडपेपरने डिकॅल घासण्याचा प्रयत्नही केला होता, पण कडा उचलली गेली, तेव्हा तो मार्ग सोडला. जुलैत पुण्याच्या पावसाळी हवेत दिलेल्या फ्लॅट क्लिअरवर पांढरट धुके आले. तो दोष पद्धतीचा नाही, माझ्या उतावळेपणाचा आहे. पहिला हंटर अजून काचेच्या कपाटात असून, त्याच्या चक्रांवर पिवळेपणा वा तडा दिसत नाही. बफच्या थराखालचा त्याचा केशरी मात्र खोलीच्या दारातून आजही आधी नजरेत भरतो.