घाटातही आणि जिममध्येही: सातारकर धावपटूने कोणता हार्ट रेट मॉनिटर घ्यावा?

साताऱ्यात धावणाऱ्या माणसाला चढ टाळता येत नाही. शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेले आहे, पश्चिमेला निघाले की थोड्याच वेळात यवतेश्वरचा घाट सुरू होतो आणि २०१२ पासून भरणारी सातारा हिल हाफ मॅरेथॉनही धावपटूंना याच घाटाने कासच्या दिशेने वर नेऊन पुन्हा खाली आणते. या स्पर्धेचा सराव नेमका पावसाळ्यात येतो. त्यामुळे पाऊस उघडला की घाट आणि संततधार लागली की जिममधली ट्रेडमिल किंवा घरातली सायकल, असा दोन्ही ठिकाणचा व्यायाम करण्यावाचून गत्यंतर नसते. घाटात वेगावरून श्रमाचा अंदाज बांधता येत नाही, कारण सपाटीवर किलोमीटरला सहा मिनिटे घेणारा धावपटू चढावर आठ मिनिटांवर आलेला असला तरी त्याचे हृदय सपाटीपेक्षा जास्तच राबत असते. त्यामुळे श्रमाचे माप ठोक्यांवरून घ्यावे लागते, आणि ते घेणारे उपकरण घाटात व जिममध्ये सारखेच विश्वासार्ह हवे.

मनगटावरचे स्मार्ट घड्याळ, दंडावर बांधायचा ऑप्टिकल पट्टा आणि छातीचा पट्टा असे तिन्ही प्रकार मी दोन्ही ठिकाणी वापरले आहेत. ज्यांना एकच वस्तू घ्यायची आहे त्यांनी छातीचा पट्टा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मी स्वतः पोलार एच१० वापरतो आणि या परीक्षणात मुख्यतः त्याबद्दलच लिहिणार आहे. मात्र बहुतेक घरांत घड्याळ आधीपासूनच असते, म्हणून आधी त्याच्याविषयी.

घड्याळाच्या तळाशी लुकलुकणारा हिरवा प्रकाश त्वचेत शिरतो, रक्त तो शोषून घेते आणि प्रत्येक ठोक्यासरशी मनगटातील रक्ताचे प्रमाण जसे कमी-जास्त होते तसा परत येणारा प्रकाशही बदलतो. या चढउतारांवरून घड्याळ ठोके मोजते. शरीर स्थिर असेल किंवा एका लयीत चालत असेल तर हे मोजमाप चांगले जमते. सकाळी अजिंक्यताऱ्याजवळच्या 'चार भिंती' या ठिकाणापर्यंत फिरायला जाणाऱ्यांना, झोपेतील नाडी पाहायची असणाऱ्यांना दुसरे काही घेण्याची मुळीच आवश्यकता नाही. प्रश्न निर्माण होतो तो हालचाल वाढल्यावर. हात हलला की मनगटातील रक्तही हलते, घड्याळ सैल असेल तर फटीतून बाहेरचा उजेड आत येतो, थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि खरा संकेत क्षीण होतो. अशा वेळी घड्याळ कधी कधी ठोक्यांऐवजी पावलांची लय पकडते. यवतेश्वरहून खाली उतरताना मी हे पुन्हा पुन्हा पाहिले आहे: पाय उताराच्या जोराने मिनिटाला १७० च्या आसपास पडत असतात, श्वास संथ असतो, बोलता येत असते, छातीचा पट्टा १३५ ते १४० दाखवत असतो आणि मनगटावर मात्र १७२ हा आकडा ठाण मांडून बसलेला असतो. चढ सुरू होताना याच्या उलट घडते. ठोके झपाट्याने वाढतात, घड्याळ मात्र ते काही काळ उशिरा दाखवते. एक-एक मिनिटाचे वेगवान टप्पे घेणाऱ्याच्या दृष्टीने हा उशीर म्हणजे टप्पा संपल्यावर मिळालेली माहिती होय.

जिममध्ये घड्याळाची अडचण वेगळी आहे. डंबेल उचलताना किंवा पुश-अप्स मारताना मनगट वाकते, पुढच्या हाताचे स्नायू आवळले जातात आणि सेन्सरखालील रक्तप्रवाहाचे चित्रच बिघडते. हीच गत सायकलचे हँडल घट्ट धरल्यावर होते. ट्रेडमिलच्या दांडीवरील धातूच्या पट्ट्या पकडून नाडी पाहण्याची सवय अनेकांना असते. परंतु धावताना दांडी धरली की धावण्याची ढब मोडते आणि आकडाही स्थिर राहत नाही, त्यामुळे तो उपाय मी मोजतच नाही.

छातीचा पट्टा मूळातच वेगळ्या तत्त्वावर चालतो. हृदयाच्या प्रत्येक आकुंचनाबरोबर निर्माण होणारा विद्युत संकेत तो त्वचेवरून थेट टिपतो, म्हणजे दवाखान्यातील ईसीजीचेच तत्त्व साध्या रूपात वापरतो. हे तंत्र खेळाडूंपर्यंत पोहोचवण्यात १९७७ मध्ये फिनलंडमध्ये स्थापन झालेल्या पोलार कंपनीचा मोठा वाटा आहे. अंगावर बाळगता येणारा बिनतारी मॉनिटर तिने १९८० च्या दशकाच्या आरंभी बाजारात आणला. एच१० हा त्याच घराण्यातला. पट्ट्याच्या आतल्या बाजूस मऊ इलेक्ट्रोड आहेत आणि कडेने रबरी ठिपके, जे घामातही पट्टा घसरू देत नाहीत. नळाखाली बोट ओले करून इलेक्ट्रोडवर फिरवायचे, पट्टा छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली बांधायचा, पुढच्या दोन बटणांवर सेन्सर टिच् करून बसवायचा, की काही क्षणांत आकडा येतो. पट्टा इतका घट्ट हवा की उडी मारली तरी सरकू नये आणि खोल श्वास घेताना आवळू नये. स्त्रियांनी तो स्पोर्ट्स ब्राच्या खालच्या पट्टीखाली घेतला तर वर सरकत नाही, मात्र दोन्ही कडा एकाच ठिकाणी घासणार नाहीत याकडे लक्ष द्यावे.

पावसाने या पट्ट्याचे काही बिघडत नाही. उलट ओलाव्याने संपर्क सुधारतो आणि घाटात धुवाधार पाऊस असताना आकडे सर्वांत स्थिर येतात. त्रास होतो तो डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या पहाटे. घाम येईपर्यंत, विशेषतः फडफडणाऱ्या सिंथेटिक टी-शर्टमुळे निर्माण होणाऱ्या स्थिर विजेने, ठोके एकाएकी १९० च्या पुढे गेलेले दिसतात. नवख्या माणसाला त्या आकड्याने धडकी भरते. अशा वेळी थांबून मनगटाची नाडी बोटांनी १५ सेकंद मोजावी आणि चारने गुणावे. बहुधा पट्टा नीट ओला न केल्याचेच निष्पन्न होते. छाती दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा नाडी हातालाही अनियमित लागत असेल, तर मात्र उपकरणाशी खेळत न बसता व्यायाम तिथेच थांबवून डॉक्टर गाठावा.

आता जोडणीचा मुद्दा, जो खरेदीच्या वेळी सर्वांत कमी विचारला जातो. एच१० एकाच वेळी दोन ब्लूटूथ उपकरणांशी आणि त्याशिवाय अँट प्लस (क्रीडा उपकरणांत वापरली जाणारी ब्लूटूथसारखीच बिनतारी जोडणी) असलेल्या घड्याळांशी बोलू शकतो. त्यामुळे जिममध्ये फोनवरील ॲप आणि सायकल ट्रेनरचा पडदा दोन्हींवर ठोके दिसतात, तर घाटात जीपीएस घड्याळ त्याच पट्ट्याचे वाचन घेते. फोन किंवा घड्याळ सोबत न्यायचे नसेल तर कंपनीच्या ॲपमधून नोंद सुरू करून देता येते; पट्टा एका व्यायामाची नोंद स्वतःच्या स्मृतीत ठेवतो आणि घरी आल्यावर ती फोनवर उतरवता येते. त्याच कंपनीच्या एच९ मध्ये ही स्मृती नाही आणि ब्लूटूथ जोडणीही एकच आहे, बाकी मोजमाप जवळजवळ तोडीस तोड. कूस्पो आणि मॅजीन यांचे पट्टे बऱ्याच कमी किमतीत मिळतात व ब्लूटूथ आणि अँट प्लस दोन्ही देतात. पहिल्यांदाच पट्टा घेणाऱ्या विद्यार्थ्याने किंवा पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुला-मुलींनी त्यांच्यापासून सुरुवात करण्यात काहीच गैर नाही. पोहणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की ब्लूटूथ आणि अँट प्लसचे संकेत पाण्यातून जात नाहीत, म्हणून तलावासाठी स्वतःची स्मृती असलेलाच पट्टा हवा.

ज्यांना छातीभोवती काही बांधलेले सोसत नाही, त्यांच्यासाठी पोलार व्हेरिटी सेन्ससारखा दंडावरचा पट्टा हा चांगला पर्याय आहे. तो प्रकाशानेच मोजतो, पण दंडावर मांस जास्त आणि सांध्याची हालचाल कमी, त्यामुळे मनगटापेक्षा वाचन पुष्कळ स्थिर येते. वजने उचलतानाही तो फारसा चुकत नाही. तो चार्ज करावा लागतो, एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवायची.

अचूक आकडा मिळाला तरी तो कशाशी ताडून पाहायचा, हे ठरवताना घाई करू नये. मिनिटाला जास्तीत जास्त किती ठोके पडू शकतात, म्हणजे कमाल दर, काढण्यासाठी २२० मधून वय वजा करण्याचे सूत्र सर्वत्र सांगितले जाते. २००१ मध्ये मांडलेल्या दुसऱ्या सूत्रानुसार वयाला ०.७ ने गुणून ते २०८ मधून वजा करतात. साठीच्या माणसासाठी पहिले सूत्र १६० देते आणि दुसरे १६६. दोन्ही सूत्रे सरासरी सांगतात आणि एखाद्या व्यक्तीचा खरा कमाल दर त्यापासून १०-१२ ठोक्यांनी सहज वेगळा असू शकतो. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांचे ठोके औषधामुळेच कमी राहतात, त्यांना ही सूत्रे लागू पडत नाहीत. त्यांनी आपली मर्यादा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. बंद खोलीतील ट्रेडमिलवर हवा खेळती नसेल तर त्याच वेगाला ठोके हळूहळू चढत जातात, म्हणून जिममधील आणि घाटातील आकड्यांची थेट तुलना करताना पंखा होता की नाही हेही पाहावे.

देखभाल अवघड नाही, पण ती न केल्यामुळेच पट्टे लवकर खराब होतात. व्यायाम झाल्यावर सेन्सर पट्ट्यापासून काढून ठेवावा. ओल्या पट्ट्यावर तो तसाच राहिला तर त्याला वाटते की व्यायाम सुरूच आहे आणि सेल उगाच संपत राहतो. पट्टा दर वेळी साध्या पाण्यात खळबळावा, अधूनमधून सौम्य साबणाने धुवावा, पिळू नये, उन्हात वाळत घालू नये. एच१० ला सीआर २०२५ हा सेल लागतो, तर बाजारातील अनेक पट्ट्यांना त्याहून जाड सीआर २०३२ लागतो, म्हणून दुकानात जाताना जुना सेल बरोबर न्यावा. कापडी भाग काही वर्षांनी ढिला पडतो आणि तो वेगळा विकत मिळतो, त्यामुळे आकडे गडबडू लागल्यावर नवा सेन्सर घेण्याआधी फक्त पट्टा बदलून पाहावा.