जुना टॅब गाडीत बसवला, त्याला आठ महिने झाले

घरात पडून असलेला आठ इंची अँड्रॉइड टॅब गाडीत बसवायचा म्हणजे एका सुट्टीच्या सकाळचं काम, असं वाटलं होतं. गाडीच्या मूळ म्युझिक सिस्टीमला दोन ओळींचा डिस्प्ले आणि एक ऑक्स (बाहेरून वायरने आवाज जोडायचं भोक), त्यामुळे काहीही चाललं असतं. बसवायला खरंच एक सकाळ लागली. त्याला गाडीसारखं वागायला शिकवण्यात मात्र दोन महिने गेले.

आधी काचेवर चिकटणारा सक्शन होल्डर घेतला होता. उन्हाने काच तापली की त्याची पकड सुटते. एका वळणावर टॅब निसटून शेजारच्या सीटच्या पायाशी जाऊन पडला. आता सीडीच्या खाचेत अडकणारा स्टँड आहे (सीडी तशीही कोण लावतंय!) आणि तो आजवर हललेला नाही. तुम्ही कुठेही लावा, फक्त एअरबॅगच्या झाकणासमोर नको. ती फुटली तर टॅब थेट कोणाच्या तरी तोंडावर येणार.

मग पॉवर. स्टीरिओच्या यूएसबीला जोडला तर चार्जिंगचं चिन्ह दिसायचं, पण टक्के उतरतच राहायचे. ते पोर्ट पेन ड्राइव्हसाठी असतं, जेमतेम अर्धा अँपिअर देतं. फुल ब्राइटनेस आणि जीपीएस सुरू असताना टॅबला ते कुठलं पुरायला? लायटर सॉकेटमध्ये २ अँपिअरचा चार्जर आणि आखूड, जाड केबल लावली तेव्हा टक्के वर चढू लागले.

पण चार्जर लागला आणि स्पीकरमधून बारीक शिट्टी ऐकू यायला लागली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तिचा सूर चढायचा. मी दोन दिवस बॉनेट उघडून बेल्टकडे बघत होतो. सहज चार्जर उपटला आणि शिट्टी बंद! चार्जर आणि ऑक्स अशा दोन वाटांनी अर्थिंग झालं की अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून वीज बनवणारा भाग) आवाज त्यातून स्पीकरमध्ये शिरतो. ऑक्सच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची एक छोटी डबी लावली आणि प्रश्न मिटला. बेस किंचित कमी झाला, तेवढं चालतं.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते झोपवण्या-उठवण्याने. मॅक्रोड्रॉइड या आपोआप कामं करून घेणाऱ्या अ‍ॅपमध्ये साधा नियम केला: पॉवर आली की स्क्रीन सुरू करून नकाशा उघडायचा, पॉवर गेली की स्क्रीन बंद. पण स्टार्टर फिरतो तेवढा वेळ लायटर सॉकेट बंद पडतं. म्हणजे एका चावीत पॉवर आली, गेली, पुन्हा आली, आणि टॅब बावचळून नकाशा दोनदा उघडायचा. मध्ये १० सेकंदांची वाट बघायला लावली तेव्हा शहाणा झाला. झोपेतही तो दिवसाला तीन-चार टक्के खातो. रोज गाडी काढणाऱ्याला हे जाणवणार नाही. मी महिनाभर गाडी न काढता परत आलो तेव्हा टॅब पूर्ण मेलेला होता. तसा झाला की चावी फिरवून काही होत नाही, आधी बराच वेळ चार्ज होऊ द्यावा लागतो, मग हाताने बटन दाबून सुरू करायचा.

पाचव्या महिन्यात टॅबची मागची बाजू एका कडेला किंचित उचललेली दिसली. नख सहज आत जाईल एवढी फट. बॅटरी फुगली होती. लगेच वापर थांबवला आणि बॅटरी बदलून घेतली. चूक माझीच. बंद गाडीतली उष्णता आणि कायम १०० टक्के चार्ज, लिथियम बॅटरीला याहून वाईट जोडी नाही. साधारण ४५ अंशांच्या वर तर ती चार्जसुद्धा करू नये. आता सेटिंगमध्ये चार्जिंगची मर्यादा लावली आहे आणि गाडी उन्हात उभी करायची असेल तर टॅब काढून बॅगेत. मग ‘बसवला’ असं तरी कशाला म्हणायचं, असं बायको विचारते. उत्तर नाही.

नकाशासाठी ऑसमँड वापरतो. नकाशे आधीच उतरवलेले असल्यामुळे रेंज गेली तरी अडत नाही. ट्रॅफिक बघायचं तर फोनचा हॉटस्पॉट सुरू करावा लागतो. फक्त वायफाय असलेल्या बऱ्याच टॅबना जीपीएसच नसतं, तेव्हा स्टँड घ्यायच्या आधी ते तपासा. दुपारच्या उन्हात स्क्रीन वाचणं कष्टाचंच. मॅट गार्डने चकाकी गेली, अंधुकपणा राहिला.

हे सगळे उपद्व्याप ज्याने वसूल केले ते म्हणजे ओबीडी, गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचायची सोय. स्टीअरिंगखालच्या सॉकेटमध्ये ब्लूटूथचं ईएलएम३२७ डोंगल आणि टॅबवर टॉर्क अ‍ॅप. पहिले काही दिवस नुसती गंमत म्हणून आकडे बघितले. मग लक्षात आलं की शहरात कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) ८५ अंशांपर्यंत जातं आणि हायवेला वेग घेतला की ६८ पर्यंत खाली येतं. डॅशबोर्डवर एकही दिवा नाही, काटाही नाही. मेकॅनिकला आकडे दाखवले. तो म्हणाला, “थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय.” म्हणजे कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप. ती बदलल्यापासून हायवेलाही ९०च्या आसपास टिकतं. एक मात्र आहे: त्या सॉकेटला चावी काढल्यावरही १२ व्होल्ट सुरूच असतात. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर डोंगल काढून ठेवा.

टॅब घरात पडलाच असेल तर जरूर करून बघा. यासाठी नवा विकत घेणार असाल तर नको, सरळ चांगलं हेड युनिट (गाडीसाठीच बनवलेली स्क्रीनवाली म्युझिक सिस्टीम) बसवा; चावीबरोबर उठतं आणि चावीबरोबर झोपतं. आवाज मी अजूनही जुन्या सिस्टीमच्या गोल बटनानेच कमी-जास्त करतो. खड्ड्यातून जाताना स्क्रीनवरची ती बारीक पट्टी बोटाला सापडतच नाही.