भाषाविज्ञानाची जागा की इंग्रजीची?

ओळखीतली एक मुलगी यंदा इंग्रजीत एम.ए. झाली. कादंबऱ्या-नाटकांत तिला जेमतेम रस, पण उच्चार, व्याकरण, बोली असा विषय निघाला की तासभर थांबायची नाही. तिने विचारलं, "सर, भाषाविज्ञानाच्या जाहिराती बघू की इंग्रजीच्या?" फोनवर धड उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

मी दोन्हीकडे राबलोय. आधी इंग्रजीत एम.ए., मग हौसेने भाषाविज्ञानात दुसरं एम.ए., मग एका भाषा-प्रकल्पात अडीच वर्षं, पुढे तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांच्या मानधनावर, दोन वर्षं, आणि आता एका अभियांत्रिकी कॉलेजात इंग्रजीचा पूर्णवेळ शिक्षक. पात्रता आणि वेतनश्रेणी तुम्हाला पाठ असणार, ते सोडून देतो.

काम म्हणून विचाराल तर भाषाविज्ञान मला आजही गोड वाटतं. प्रकल्पात एकदा विदर्भातल्या एका आजींचं ध्वनिमुद्रण माझ्या वाट्याला आलं होतं. त्या 'डोळा' म्हणतात, 'डोया' म्हणतात, की दोन्हींच्या मधलं काही, हे ठरवायला मी कानाला हेडफोन लावून तीच सात सेकंदं अख्खी दुपार ऐकत होतो. संध्याकाळी सहकारी म्हणाला, "अरे, मागे बकरी ओरडतेय, तो तुझा 'य' नाही." असल्या कामाचे पैसे मिळतात यावर घरच्यांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. पैसे मिळायचे मात्र, आणि दर महिन्याला मिळायचे. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसोबत केलेलं मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण किंवा म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानातले प्रकल्प ज्यांनी पाहिलेत, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

अडचण अशी की करार अकरा महिन्यांचा. दहावा महिना लागला की चहाच्या टपरीवर मुदतवाढीशिवाय दुसरा विषय नसायचा. प्रकल्प संपला की जागाही संपली. आणि कायम जागा म्हणाल तर भाषाविज्ञान शिकवणारे विभागच किती? महाराष्ट्रात पुण्याचं डेक्कन कॉलेज, मुंबई विद्यापीठ, नागपूर, वर्ध्याचं हिंदी विद्यापीठ. एखादं निसटलं असेल, पण एका हाताच्या बोटांवर भागतं. बाहेर दिल्ली, हैदराबाद वगैरे धरा. अशा छोट्या विभागात एखादी जागा निघाली, तर बिंदुनामावलीत, म्हणजे आरक्षणाप्रमाणे जागा लावलेल्या यादीत, ती ज्या प्रवर्गाची निघेल त्याची. तुमचा प्रवर्ग नसेल तर पुढची जागा निघेपर्यंत वाट बघा. तोवर केस पिकतात.

थोडी आशा आहे, नाही असं नाही. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आलंय, ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळालाय. यातून जागा निघतील असं सगळेच म्हणतात. मीही म्हणतो.

इंग्रजीचं उलट. तालुक्याच्या गावातलं कला महाविद्यालय असो की पुण्यातलं अभियांत्रिकी, इंग्रजीचा माणूस लागतोच. जाहिरात शोधावी लागत नाही, जूनमध्ये ती आपल्याला शोधत येते. पण तो जूनच नकोसा. तासिका तत्त्वावर आठवड्याला नऊ तास, तेही शैक्षणिक वर्षापुरते. उन्हाळ्यात तुम्ही कोणीच नसता. आणि पुन्हा त्याच कॉलेजात, त्याच जागेसाठी, त्याच प्राचार्यांसमोर मुलाखत द्यायची. "स्वतःबद्दल सांगा," असं त्यांनी मला सलग दोन वर्षं विचारलं. दुसऱ्या वर्षी आम्ही दोघंही हसलो. मानधनाचं बिल वर्षातून एकदा निघालं. त्या काळात घर बायकोच्या पगारावर चाललं, हे लपवण्यात अर्थ नाही. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणात सक्तीचं इंग्रजी दोन क्रेडिटवर आल्यापासून कार्यभार आटतोय, हेही लक्षात ठेवा.

आखाती देशांबद्दल सगळे विचारतात, म्हणून दोनच वाक्यं. ओमान-सौदीच्या पायाभूत अभ्यासक्रमांना इंग्रजीचे शिक्षक लागतात आणि आपली मराठी माणसं तिथे चांगली कमावतात. पण जाहिरातीत 'मातृभाषक हवेत' असं लिहिलं की त्याचा अर्थ पासपोर्ट असतो, उच्चार नव्हे.

आता खरी गोष्ट. नेट, म्हणजे कॉलेजात शिकवण्यासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, मी पहिल्यांदा भाषाविज्ञानात झालो, विषय क्रमांक ३१. पहिल्याच प्रयत्नात झालो, कारण पेपर माझ्या जिव्हाळ्याचा होता. प्रकल्प संपल्यावर एका अनुदानित कॉलेजात इंग्रजीची पूर्णवेळ जागा निघाली. अर्ज दिला. छाननीला टेबलामागच्या गृहस्थांनी एक हिरवी प्लास्टिकची पट्टी माझ्या अर्जावर ओळी-ओळीने खाली सरकवत आणली. एम.ए. इंग्रजी, ठीक. टक्के, ठीक. नेट... पट्टी थांबली.

"हे भाषाविज्ञानात आहे."

"हो. पण एम.ए. इंग्रजीतच आहे. आणि जागा भाषा शिकवायचीच आहे ना?"

त्यांनी जाहिरात फिरवून माझ्याकडे केली. संबंधित विषयात नेट अथवा सेट (तीच परीक्षा, राज्याची).

"संबंधित म्हणजे?"

"म्हणजे तोच."

शेऱ्याच्या रकान्यात लाल पेनाने 'विषय भिन्न' लिहिलं आणि पट्टी पुढच्या अर्जावर गेली. दोन वर्षं अर्थविचार, म्हणजे शब्दांच्या अर्थाचं शास्त्र, शिकलेल्या माणसाला 'संबंधित म्हणजे तोच' हे ऐकून घरी यावं लागलं. गंमत म्हणजे दुसऱ्या एका कॉलेजाने याच कागदांवर मुलाखतीला बोलावलं. म्हणजे टेबलामागे कोण बसलंय त्यावर आपलं नशीब. माझ्याबाबतीत हे असं पाच ठिकाणी झालं, त्यांत तीन वेळा पट्टी थांबली. पाच म्हणजे काही फार नाहीत, तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

प्रकल्पाची अडीच वर्षंही त्या छाननीत वाया गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत महाविद्यालयांसाठी जो गुणतक्ता आहे, त्यात अनुभवाच्या प्रत्येक वर्षाला २ गुण आहेत, जास्तीत जास्त १०. पण तो अनुभव अध्यापनाचा किंवा पीएच.डी.नंतरच्या संशोधनाचा हवा. पीएच.डी. नसताना केलेलं ध्वनिमुद्रण कुठल्याच खान्यात बसत नाही. आजींचा 'डोया' शून्य गुणांचा ठरला.

मग मी पुन्हा नेटला बसलो, या वेळी इंग्रजीत, विषय क्रमांक ३०. तीन प्रयत्न लागले. त्या अभ्यासक्रमाच्या दहा घटकांपैकी भाषा आणि तिचं अध्यापन एका घटकात, भारतातलं इंग्रजी दुसऱ्यात; बाकी नाटक, काव्य, कादंबरी, समीक्षा, सिद्धांत, संशोधनपद्धती. इंग्रजी नाटकांच्या प्रकाशनाची सालं मी लोकलमध्ये पाठ केलीत. यात कुठलाही आनंद नव्हता, खोटं कशाला सांगू. पण ते प्रमाणपत्र आल्यापासून पट्टी एकदाही थांबली नाही. आणि पुढे दोन प्रकल्पांकडून विचारणा आली, तेव्हा नेटचा विषय कोणी विचारलासुद्धा नाही. त्यांना भाषाविज्ञानाचं एम.ए. पुरेसं होतं.

म्हणून, माझ्या मते तरी, भाषाविज्ञान शिकावं पण नेट इंग्रजीत काढावी. ज्यांच्याकडे एकच एम.ए. आहे आणि तेही भाषाविज्ञानात, त्यांनी दूरशिक्षणाने इंग्रजीचं उरकून घेतलेलं बरं. इग्नूच्या इंग्रजी एम.ए.त भाषेच्या अंगांवर एक स्वतंत्र पेपर आहे, तेवढा तरी आपल्या आवडीचा निघतो. हैदराबादच्या इफ्लूचा (इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठाचा) इंग्रजी अध्यापनाचा पदव्युत्तर डिप्लोमाही पदरात असला तर मुलाखतीत बोलायला विषय मिळतो. साहित्यावरचे प्रश्न तेवढे कमी होतात. ज्यांना पीएच.डी. करून थेट विद्यापीठातच जायचंय, घरची निकड नाही आणि थांबायची तयारी आहे, त्यांनी ३१ घ्यावा. त्यांना चुकीचं म्हणायची माझी हिंमत नाही, हेवा मात्र वाटतो.

ती मुलगी डिसेंबरच्या नेटचा अर्ज भरणार आहे. तिला ३० सांगितलंय. पुढच्या वर्षी ती भाषाविज्ञानाच्या एम.ए.ला प्रवेश घेईल, असा आमचा बेत आहे. आणि नंतर अर्जांची वेळ आली की कागद लावताना इंग्रजीची गुणपत्रिका वर ठेवायची, भाषाविज्ञानाची तिच्या खाली. पट्टी वरून खाली येते.