चवथीपासून शिगम्यापर्यंत: ओपनओसीडी आणि जीडीबीचा अनुभव

फोंड्याजवळ आमचं कुळागर आहे. पोफळी, मिरवेली, मधे केळी. विहिरीवरचा पंप आणि चार व्हॉल्व्ह सांभाळायला मी एसटीएम३२एफ१०३ या मायक्रोकंट्रोलर चिपवर कंट्रोलर केला. चवथ झाल्यावर कोड लिहायला घेतला, आता शिगमोही संपला. एवढ्या महिन्यांत डीबगिंगच्या सॉफ्टवेअरवर एक रुपया खर्च झाला नाही. जीडीबी (चालू प्रोग्राम थांबवून आत बघायचा डीबगर), ओपनओसीडी (जीडीबीला चिपशी बोलू देणारं सॉफ्टवेअर) आणि एक एसटी-लिंक (लॅपटॉप आणि चिप जोडणारा ॲडॅप्टर), एवढ्यावर सगळं भागलं.

पहिला आठवडा मात्र डोकेदुखीचा होता. सातवा ब्रेकपॉइंट (प्रोग्राम ठरलेल्या जागी थांबवायची खूण) लावला की एरर यायची. कारण असं: कोड रॅममध्ये असेल तर जीडीबी त्या जागी थांबण्याची सूचना लिहून ठेवतो, हवे तितके ब्रेकपॉइंट लावा. फ्लॅशमध्ये, म्हणजे चिपच्या कायमच्या मेमरीत, असं सहज लिहिता येत नाही, त्यासाठी १ केबीचं आख्खं पान पुसावं लागतं. म्हणून चिपमधले हार्डवेअर ब्रेकपॉइंट वापरावे लागतात आणि तिच्या कॉर्टेक्स-एम३ प्रोसेसरमध्ये ते फक्त ६ असतात. जीडीबीला ‘नेक्स्ट’ (पुढच्या ओळीवर जा) किंवा ‘फिनिश’ (फंक्शन संपेपर्यंत जा) दिलं तरी त्यातला एखादा तात्पुरता लागतो. मी पाचावरच थांबतो.

दुसरी अडचण वॉचडॉगची, म्हणजे प्रोग्राम अडकला तर चिप रीसेट करणाऱ्या टायमरची. ब्रेकपॉइंटवर थांबून व्हेरिएबल बघत बसलो की चिप रीसेट. डीबगच्या रजिस्टरमध्ये, ०xई००४२००४ या पत्त्यावर, ८ क्रमांकाचा बिट (मोजणी शून्यापासून) लावला की प्रोसेसर थांबल्यावर वॉचडॉगही थांबतो. आता तो माझ्या स्टार्टअप स्क्रिप्टमध्येच आहे.

पण या साधनांवर खरा जीव जडला तो फेब्रुवारीत. पंप मधेच बंद पडायचा, कधी दिवसातून दोनदा, कधी तीन दिवस काहीच नाही. रात्री बाबा बॅटरी घेऊन विहिरीवर जायचे. पंप चालू असल्याचा फ्लॅग (खुणेचं व्हेरिएबल) शून्य होत होता आणि कोडमध्ये तो शून्य करणाऱ्या जागा मी दहादा तपासल्या होत्या. शेवटी लॅपटॉप पंपघरात ठेवला, त्या फ्लॅगवर ‘वॉच’ (किंमत बदलली की प्रोग्राम थांबवणारी खूण) लावला आणि वाट बघितली. संध्याकाळी जीडीबी थांबला तो सिरीयलवरून ओळ वाचणाऱ्या फंक्शनमध्ये! चारही ओलावा सेन्सरची रीडिंग चार आकडी आली की ओळ बरोबर ३२ अक्षरांची व्हायची. ती साठवायची जागा, म्हणजे माझा बफरही ३२ बाइटचा. ओळ संपल्याची खूण असलेलं शेवटचं शून्य बफरच्या बाहेर, नेमकं शेजारच्या फ्लॅगवर पडत होतं. प्रिंट टाकून हे मला महिनाभरातही सापडलं नसतं.

वॉच लागल्यावर प्रोसेसर एखाददोन सूचना पुढे जाऊन थांबतो, तेव्हा दाखवलेल्या ओळीच्या जरा वर बघा. पंपघरात लांब वायरींमुळे कनेक्शन तुटायचं, ॲडॅप्टरचा वेग ४८० किलोहर्ट्झवर आणल्यावर टिकलं. आणि डीबग करताना ‘-ओएस’ (कोड लहान करणारा पर्याय) ऐवजी ‘-ओजी’ने (डीबगसाठीचा पर्याय) कंपाइल करा, नाहीतर ओळी पुढेमागे उड्या मारतात आणि निम्मी व्हेरिएबल दिसतच नाहीत.

ओपनओसीडीचे एरर संदेश नवख्याला काहीच सांगत नाहीत, ही माझी एकच तक्रार. बाबा आता रात्री विहिरीवर जात नाहीत.