वीस मिनिटांचं फुकट ट्रेनिंग: होस्टेलच्या रेक्टरचा अभिप्राय

विद्यार्थ्यांच्या आत्महत्या रोखण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शाळा, कॉलेज, कोचिंग क्लास, होस्टेल अशा सगळ्यांना सूचना दिल्या. कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्या, असंही त्यात आहे. तेव्हापासून आम्हा रेक्टर मंडळींच्या व्हॉट्सॲपवर कोर्सच्या जाहिराती येऊन आदळतात. एक मी पैसे भरून केला. तीन तास स्लाइडा वाचून दाखवल्या आणि वर सर्टिफिकेटवर माझं आडनाव चुकवलं. असो.

मग पुतणीने ‘झीरो सुइसाइड अलायन्स’ची लिंक पाठवली. ही इंग्लंडमधली आघाडी, मर्सी केअर या एनएचएसच्या (तिथल्या सरकारी आरोग्य सेवेच्या) संस्थेने पुढाकार घेऊन २०१७ मध्ये सुरू केलेली. ट्रेनिंग ऑनलाइन, फुकट, साधारण वीस मिनिटांचं. डॉक्टर किंवा समुपदेशक नसलेल्या माझ्यासारख्यांसाठीच बनवलेलं. तीन पायऱ्या शिकवतात: बघा, बोला, योग्य ठिकाणी पोचवा.

पैसे वसूल म्हणावं (फुकट असलं तरी) अशी दुसरी पायरी आहे. शंका आली तर सरळ विचारा, आडून नको. आपल्याकडे काय होतं? मुलगी गप्प गप्प दिसली की आपण म्हणतो, ‘काही वेडंवाकडं मनात आणू नकोस हं.’ झालं. आता तिने ‘हो, येतंय मनात’ म्हणायचं कसं? त्यापेक्षा शेजारी बसून, आवाज न चढवता, ‘तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतोय का?’ असं विचारायचं. आणि उत्तर ‘हो’ आलं तर उपदेश न करता ऐकायचं, तिला एकटं सोडायचं नाही. विचारल्याने डोक्यात नसलेलं खूळ भरतं, ही भीती मलाही होती. तसं होत नाही, उलट बोलायला वाट मिळते, असं अभ्यास सांगतात. हे वाक्य मी खोलीचं दार लावून मोठ्याने म्हणून बघितलं. पहिल्यांदा घशातून निघत नाही, खरंच. सराव करा.

‘बघा’ या भागाशी मात्र माझं थोडं वाजलं. धोक्याच्या खुणांमध्ये आपल्या वस्तू वाटून टाकणं नेहमी सांगितलं जातं. आमच्याकडे बहुतेक मुली एमपीएससीच्या. निकाल लागला, की नाव आलेली आणि कंटाळून गावी निघालेली, दोघीही नोट्स आणि पुस्तकांचे गठ्ठे वाटतात. मग ओळखायचं कसं? मी आता पुढचं बघते: गावी जायची तारीख ठरली आहे का, घरच्यांना कळवलंय का, अभ्यासिकेतली जागा सोडली की नुसतंच जाणं बंद केलंय.

ट्रेनिंग इंग्रजीत आहे, त्यामुळे वॉचमन काका आणि मेसच्या मावशींना मीच रात्री जेवणं उरकल्यावर मराठीत सांगत बसले. मावशी भांडी आवरता आवरता म्हणाल्या, “मॅडम, कुणाचं ताट भरलेलं परत येतंय ते मला रोज दिसतं. पण ते तुम्हाला सांगायचं असतं, हे कुठं माहीत होतं?” आता त्या सांगतात. पैसे भरलेल्या तीन तासांत मावशींचा कुणी विचारच केला नव्हता.

तिसरी पायरी आपल्या कामाची नाही. तिथले फॅमिली डॉक्टर, तिथल्या हेल्पलाइन. पुण्यात काय उपयोग? या पायरीसाठी आपली यादी आपणच करायची. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मी सगळ्यात वर ठेवलाय: सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू. त्याखाली जवळच्या हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग. जीव लगेच धोक्यात असेल तर ११२ किंवा १०८. नंबर लावून द्यायचा आणि मुलगी बोलेपर्यंत जवळ थांबायचं.

आणि पोलिसांची भीती. ‘कळलं तर केस होईल’ म्हणून मैत्रिणी लपवतात, पालकही लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं, तिला शिक्षा नाही, उलट सरकारने उपचार द्यायचे. हे इंग्लंडवाले कशाला सांगतील? पण आपल्याकडच्या कोर्समध्ये तरी पहिल्या दहा मिनिटांत यायला हवं.

पाचपैकी साडेतीन. समुपदेशकाची जागा हे भरत नाही; शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर समुपदेशक नेमायलाच हवा, तेही न्यायालयाने सांगितलंय. हे दाखवून संस्थाचालक ‘झालं की ट्रेनिंग’ म्हणू लागले तर सही करू नका. इंग्रजीचा सराव नसेल तर दोघींनी मिळून बघा. घरात नुकतंच कुणी असं गेलं असेल, तर सध्या राहू द्या.